घाटाखालचा परदेश

परदेशातील सुटी आणि त्या सुटीत सहकुटुंब समुद्रावर घालवलेला दिवस ही कल्पना आजच्या मराठी वाचकाच्या मनात विमानतळ, व्हिसा आणि दूरदूरच्या किनाऱ्यांशी जोडली गेली असली, तरी बेळगाव परिसरातील कित्येक कुटुंबांनी हा अनुभव १९६१ पूर्वीच, मीटरगेज रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून प्रवास करून आणि घरून बांधून नेलेल्या दशम्या खाऊन घेतलेला आहे. गोवा १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होता, आणि बेळगाव आधी मुंबई इलाख्यात, स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात व १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात होते; त्यामुळे सह्याद्रीचा एक घाट उतरला की दुसऱ्या राष्ट्राचा ध्वज, दुसरे चलन आणि दुसरी पोलीसचौकी लागत असे, आणि त्या चौकीपलीकडे बेळगावकरांना सर्वांत सवयीचा असलेला समुद्र होता. गोवामुक्तीच्या राजकीय इतिहासावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, आणि ते लिहिले जाणे आवश्यकच होते; परंतु सीमेच्या अलीकडच्या घरांनी हा जवळचा परदेश कसा अनुभवला, मुलाबाळांना घेऊन ती तिथे कशासाठी जात आणि समुद्रावरच्या एका दिवसात त्यांना काय मिळे, हा घरगुती इतिहास जवळजवळ अलिखित राहिला आहे.

या इतिहासात बेळगावच्या कॅम्प भागाचे स्थान वेगळे आहे. कॅम्प म्हणजे ब्रिटिशांनी १८३२ च्या सुमारास वसवलेली लष्करी छावणी. तिचा कारभार शहराच्या नगरपालिकेकडे नसून छावणी मंडळाकडे असे आणि तिची वस्तीही शहरापेक्षा निराळी होती. पलटणींच्या गरजेभोवती ही वस्ती वाढली असल्याने तिथे गोव्याहून आलेले ख्रिस्ती शिंपी, पाववाले, आचारी आणि बँडवादक होते, पारशी व मुसलमान व्यापारी होते, दक्षिणेकडून आलेली तमिळ कुटुंबे होती, आणि लष्करातील व कचेऱ्यांतील नोकरीच्या निमित्ताने स्थिरावलेली मराठी घरेही होती. यांपैकी गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या दृष्टीने घाटाखाली जाणे म्हणजे गावी जाणे होते. बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला आणि त्याआधी या भागातील मोठा मुलूख गोव्याच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत होता, त्यामुळे राजकीय सीमा आणि धर्माची सीमा या दोन रेषा तोवर एकमेकींवर बसल्याच नाहीत.

हिंदू कुटुंबांचीही स्थिती याहून फार वेगळी नव्हती. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील अनेक घराण्यांची कुलदैवते गोव्यात आहेत. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा आणि वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतील देवळे पाडण्यास सुरुवात केल्यावर भक्तांनी नदीपलीकडे, तेव्हा आदिलशाहीत असलेल्या फोंडा महालात हलवली. अठराव्या शतकात तो महालही पोर्तुगीजांनी घेतला आणि 'नव्या काबिजादी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे मागाहून जिंकलेल्या, मुलखात तो मोडू लागला. अशा रीतीने जे देव परकी सत्तेपासून दूर नेले होते ते दोन शतकांनी पुन्हा तिच्याच हद्दीत आले, आणि बेळगावच्या नव्या जोडप्याला कुलदेवीची ओटी भरण्यासाठी परराष्ट्रात जावे लागू लागले. सोयरीकही दोन्ही बाजूंना होती. म्हार्दोळला किंवा मडगावला माहेर असलेली सून मे महिन्यात मुलांना घेऊन निघाली की देवदर्शन, माहेरपण आणि समुद्र ही तिन्ही कामे एका फेरीत होत, आणि सहलीसाठी म्हणून वेगळा खर्च मागण्याची वेळ तिच्यावर येत नसे. मध्यमवर्गीय मराठी घरात निव्वळ मौजेसाठी केलेल्या प्रवासाला फारशी मान्यता नसलेल्या त्या काळात समुद्रावरचा दिवस देवाच्या आणि आजीच्या आधारानेच शक्य झाला, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

समुद्र हे कुटुंबाने मौज करण्याचे ठिकाण आहे ही समजूत मुळात जुनी नाही. धर्मशास्त्राच्या रूढ संकेतानुसार पिंपळाला शनिवारी आणि समुद्राला पर्वकाळीच स्पर्श करावा, एरवी दुरून नमस्कार करावा, असे मानले जाई. अमावास्या, ग्रहण, संक्रांत अशा दिवशी केलेले सागरस्नान पुण्यप्रद होते, पण उगाच पाण्यात खेळणे हा त्या संकेताचा भंग होता. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत समुद्राविषयी भीतीच अधिक होती. १७५० मध्ये रिचर्ड रसेल या इंग्रज वैद्याने ग्रंथिविकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला, त्याच्या प्रभावाने ब्रायटनसारखी मासेमाऱ्यांची गावे श्रीमंतांची आरोग्यस्थाने बनली, आणि पुढच्या शतकात रेल्वेने कामगारवर्गालाही तिथे आणून सोडले, तेव्हा कुठे औषधाची जागा हळूहळू सुटीने घेतली. गोव्यात या दोन प्रवाहांचा संगम 'मुदांसा' या प्रथेत झालेला दिसतो. मुदांसा म्हणजे हवापालट. मडगाव परिसरातील सुखवस्तू कुटुंबे एप्रिल-मे महिन्यांत भांडीकुंडी, अंथरुणे आणि नोकरमाणसे घेऊन कोलव्याच्या किनाऱ्यावर काही आठवडे राहायला जात, आणि खाऱ्या पाण्यात बुडण्याने संधिवात, खरूज व अंगदुखी जाते या श्रद्धेने गरीब शेतकरी कुटुंबेही दोन-चार दिवसांसाठी तिथे येत. स्नानांची संख्या विषम असावी, पाच, सात किंवा नऊ, असाही समज होता. हा समज ख्रिस्ती आणि हिंदू दोघांनाही सारखाच पटण्याजोगा होता, आणि बेळगावहून आलेल्या आजीला त्यात स्वतःच्या पर्वस्नानाशी विसंगत असे काही वाटण्याचे कारण नव्हते.

बेळगाव आणि हा समुद्र यांच्यामधली वाट रेल्वेने सोपी केली, आणि त्या रेल्वेच्या मुळाशी मीठ आहे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात जो तह झाला त्यानुसार दोन्ही मुलखांमधील जकातीची रेषा रद्द झाली, गोव्यातील मिठागरांवर ब्रिटिश सरकारचे नियंत्रण आले, त्याबदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले, आणि मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाशी जोडणारी रेल्वे बांधण्याचे ठरले. बेळगावपर्यंत सदर्न मराठा रेल्वे १८८७ साली पोहोचली, आणि १८८८ मध्ये मुरगाव ते कॅसलरॉक हा घाटमार्ग पुरा होऊन लोंढा जंक्शनमार्गे बेळगावचा माणूस गाडीने थेट बंदरापर्यंत जाऊ लागला. तह मात्र मिठागरे बंद पडल्यामुळे गोव्यात अप्रिय झाला आणि १८९२ मध्ये तो संपुष्टात आला. जकातनाकी पुन्हा उभी राहिली. म्हणजे रेल्वेने जोडलेल्या दोन मुलखांत मोकळा प्रवास फार तर चार वर्षे टिकला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पिढीला समुद्र पाहण्याआधी पेटी उघडून दाखवावी लागली.

हा प्रवास बारकाईने पाहण्याजोगा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर असलेल्या बेळगावहून निघालेली गाडी खानापूर आणि लोंढ्याच्या जंगलातून कॅसलरॉकला येई. तिथे ब्रिटिश, आणि नंतर भारतीय, कस्टमची कचेरी होती. तिथून कुळ्यापर्यंतचा सुमारे २६ किलोमीटरचा उतार पोर्तुगालच्या राजघराण्याच्या नावावरून ब्रागांझा घाट म्हणून ओळखला जातो. करंझोळ, दूधसागर, सोनावळी अशी माणसांपेक्षा झाडीच अधिक असलेली स्थानके, एकामागून एक येणारे बोगदे, आणि सुमारे तीनशे मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारा दूधसागर हा मार्गातील मोठा सोहळा असे. मे महिन्यात तो धबधबा क्षीण होऊन कातळावर पांढरी रेघ तेवढी उरते, तरीही डब्यातील सर्व मुले एकाच बाजूच्या खिडक्यांकडे धावत आणि वडीलधारी माणसे त्यांना मागे ओढत. खाली कुळ्याला गाडी पुन्हा थांबे आणि पोर्तुगीज नाक्याची तपासणी होई. जस्ती पेटी फलाटावर उतरवायची, कडी काढायची, वरच्या थरातील ओटीचे सामान, खण, नारळ, त्याखालची लुगडी, परकर-पोलकी, मुलांची झबली एकेक करून बाहेर ठेवायची, आणि कुंद्याचा डबा उघडून तो मिठाईचाच आहे हे दाखवायचे, एवढे सारे परक्या गणवेशातील शिपायासमोर करावे लागे. देवीच्या ओटीला अनोळखी पुरुषाचा हात लागू नये म्हणून ते सामान बाईने स्वतःच उचलून बाजूला धरावे, हा संकोच आणि हे सावधपण ज्या घरांतून सांगितले जाते, तिथे समुद्राच्या वर्णनापेक्षा नाक्याचे वर्णन अधिक तपशिलाने येते. मुलांच्या बाबतीत तर परदेश म्हणजे काय याचा पहिला अर्थ तिथेच ठरत असावा: आईच्या पेटीत हात घालण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याचा तो देश.

चलनाचा प्रश्न त्या मानाने सौम्य होता. पोर्तुगीज हिंदची रुपिया सोळा तंग्यांची होती, जसा इकडचा रुपया सोळा आण्यांचा. भारतीय नाणेही गोव्यात सर्रास चाले. १९५८-५९ मध्ये तिथे एस्कुद हे पोर्तुगालचे चलन आले तेव्हा बेळगावहून जाणारी गाडीच बंद पडलेली होती.

मडगावहून कोलवा सहा किलोमीटर. माडांच्या राईतून बाहेर पडताच पांढऱ्या वाळूचा अखंड पट्टा आणि त्यापलीकडे अरबी समुद्र, हे दृश्य ज्याने तोवर अथांग पाणी म्हणून किल्ल्याजवळचे तळे किंवा पावसाळ्यातली मार्कंडेय नदी पाहिली आहे, त्या मुलावर काय परिणाम करत असेल याची कल्पना घाटावर वाढलेल्या कोणालाही करता येईल. दिवस भल्या पहाटे सुरू होई, कारण ऊन चढण्याआधी आजीचे स्नान उरकायचे असे. घरातील बायका नऊवारीच्या काष्ट्यासह पाण्यात उतरत, एकमेकींचे हात धरून गुडघाभर पाण्यात बसत आणि लाट अंगावरून जाऊ देत. खोल जाणे हे पुरुषांचे आणि धीट मुलांचे काम. वाळलेल्या लुगड्यावर मिठाचे पांढुरके नकाशे उमटत आणि त्या सुताला आलेला ताठरपणा गोड्या पाण्याच्या दोन धुण्यांनंतरच जाई. पाण्यातून निघालेल्या मुलांच्या अंगाला चुरचुर सुटली की विहिरीच्या पाण्याने पुन्हा अंघोळ, मग आंबाड्याची भाजी किंवा मासे खाणाऱ्या घरांत ताजे बांगडे, आणि उकड्या तांदळाचा भात. घाटावरच्या पोटाला हा भात जड जातो, पण समुद्रावरच्या भुकेने ती तक्रार होत नसे.

सकाळच्या वेळी किनाऱ्यावर रापण ओढली जात असे, आणि तिथे पाहुण्यांच्या कुटुंबाचा बराच वेळ मोडे. रापण म्हणजे शेकडो हात लांबीचे किनारी जाळे. होडीतून अर्धवर्तुळात ते समुद्रात सोडायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून दोन टोळ्यांनी लयीत ओढत आणायची, असे हे सामुदायिक काम. त्यात होडीवाल्याचा, जाळेवाल्याचा आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो, आणि ज्याने येऊन दोराला हात लावला त्याच्या पदरातही थोडी मासळी पडण्याची रीत किनाऱ्यावर आढळते. वाळूवर येऊन पडलेल्या जाळ्यात तारली आणि बांगडे तडफडताना पाहणे हे शाकाहारी घरातील मुलांना एकाच वेळी नकोसे आणि सुटता न येणारे दृश्य होते. त्या दोराला हात लावणारे कष्टकरी ख्रिस्ती मच्छीमार आणि त्यांच्याकडे पाहत उभे असलेले कॅम्पातील कारकुनाचे कुटुंब यांच्यात पोर्तुगीज कोणालाच येत नव्हती. व्यवहार कोकणीत आणि मराठीत होई, आणि परराष्ट्रात असूनही दुभाष्याची गरज पडत नसे. परदेशाचा हा प्रकार जगात सर्वत्र आढळत नाही. ब्रिटिश कुटुंब फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले की त्याला भाषा, अन्न आणि देव तिन्ही वेगळे भेटत. बेळगावच्या कुटुंबाला गोव्यात वेगळे भेटे ते फक्त सरकार.

स्वातंत्र्यानंतर हा वेगळेपणा वाढत गेला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने बेळगाव कोरडे झाले आणि आयातीवर भारतात निर्बंध आले, तर गोव्यात परदेशी दारू, घड्याळे, पेने आणि तलम कापड मोकळेपणी मिळत राहिले. परतीच्या वाटेवर कॅसलरॉकची झडती त्यामुळे अधिकाधिक कडक झाली. त्याआधीच १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या मडगावच्या सभेने गोव्यातील नागरी स्वातंत्र्याचा प्रश्न पेटवला होता आणि बेळगाव हे गोव्यातून परागंदा झालेल्या कार्यकर्त्यांचे आश्रयस्थान बनले होते. १९५५ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींच्या तुकड्या निःशस्त्र सीमेत शिरल्या, पोर्तुगीजांनी गोळीबार करून त्यांतील अनेकांना ठार केले, आणि भारत सरकारने सीमा बंद करून रेल्वे तोडली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला आंबोलीच्या जंगलातून गोव्याच्या मुक्तीचा आवाज देणारे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ते चालवले, आणि पुढे ते कॅसलरॉकला हलवले गेले. ज्या स्थानकात एके काळी मुले दूधसागराच्या आशेने खिडकीला नाक लावून बसत, त्याच्याच परिसरातून आता घाटाखालच्या लोकांना उद्देशून बातम्या दिल्या जाऊ लागल्या.

सीमाबंदीची ही सहा वर्षे घरांच्या पातळीवर कठीण होती, आणि देशासाठी ती सोसली पाहिजेत हे मान्य करूनही त्यांची किंमत नोंदवणे अन्यायाचे ठरू नये. कॅम्पातील कित्येक गोवेकरांना गावातील म्हाताऱ्यांच्या शेवटच्या दिवसांत पोहोचता आले नाही. माहेरवाशिणींची पत्रे उशिरा येत. परवाना मिळाला तरी गाडी नसल्याने दोन नाक्यांमधला टापू सामान डोक्यावर घेऊन पायी ओलांडावा लागण्याचे प्रसंग सीमेवर घडत. कुलदेवतेचे नवस घरातल्या देव्हाऱ्यातच फेडून घेतले जात. समुद्र पाहायचाच तर वेंगुर्ल्याला किंवा कारवारला जावे लागे, आणि रेल्वे येण्यापूर्वी वेंगुर्ले हेच बेळगावचे बंदर असल्याने तो रस्ता काही अनोळखी नव्हता. पण तिथे आजोळ नव्हते. १९६१ च्या डिसेंबरात मेजर जनरल कँडेथ यांच्या नेतृत्वाखालील सैन्याची जमवाजमव बेळगाव परिसरात झाली, सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उडालेल्या विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले, आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला. कॅम्पाच्या रस्त्यांवर त्या आठवड्यात लष्करी वाहनांची जी रीघ होती ती पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

त्यानंतर गाडी पुन्हा सुरू झाली, कुळ्याचे नाके उठले, आणि परदेश हा शब्द गोव्याला लावणे बंद झाले. परंतु रेषा पुसली गेली नाही, तिने जागा बदलली. मराठी भाषक बेळगाव १९५६ मध्येच म्हैसूर राज्यात गेले होते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूर राज्याकडेच, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडेच, ठेवण्याची शिफारस केली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. निपाणीपासून मडगावपर्यंतच्या सोयऱ्याधायऱ्यांत एकच मराठी-कोकणी बोलणे चालू असताना त्यांची शाळेची पुस्तके, नोकरीच्या परीक्षा आणि सरकारी कागद तीन राज्यांत वाटले गेले. बेळगावच्या सीमाप्रश्नावर बोलताना महाराष्ट्राकडे तोंड करून उभे राहण्याची सवय या भागाला लागली आहे आणि तिला सबळ कारणे आहेत. मात्र या सवयीमुळे पश्चिमेकडची, घाटाखालची, जुनी नाती विचारातून गळून पडू नयेत.

ही नाती निसर्गानेही बांधलेली आहेत. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वळून कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला जाते. त्याच तालुक्याच्या जंगलात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला घाट उतरते, मांडवी या नावाने पणजीला पोहोचते आणि मिरामारजवळ समुद्राला मिळते. मिरामारच्या वाळूत, ज्याला पोर्तुगीज काळात गास्पर दियास म्हणत, उभ्या असलेल्या बेळगावच्या मुलाच्या पायांवरून जाणाऱ्या पाण्यात त्याच्याच तालुक्याशेजारच्या डोंगरावर पडलेला पाऊस असतो. आता त्या पाण्याच्या वाटपावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र लवादापुढे गेले, २०१८ मध्ये निवाडा झाला, तरी वाद शमलेला नाही.

आजचे कॅम्पातील कुटुंब रविवारी पहाटे मोटारीने निघते, जांबोटी आणि कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरते, नऊच्या सुमारास किनाऱ्यावर असते आणि रात्री जेवायला परत घरी येते. १९९० च्या दशकात रेल्वे ब्रॉडगेज झाली आणि ब्रागांझा घाटातून अजूनही गाड्या जातात, पण सहकुटुंब समुद्रावर जाण्याचा तो मुख्य मार्ग राहिलेला नाही. मुलांना पोहण्याचे कपडे मिळाले आहेत, बायका कंबरभर पाण्यात निर्धास्त जातात, आणि स्नानांची विषम संख्या कोणी मोजत नाही. मंगेशीला किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेला जाऊन येण्याची रीत मात्र बऱ्याच घरांनी सोडलेली नाही. ओलसर केसांनी देवळात शिरणारी मुले आणि त्यांना पदराने डोके पुसून पुढे ढकलणारी आजी तिथे कोणत्याही सुटीत भेटतात. परतताना कणकुंबीजवळ कर्नाटकाच्या अबकारी खात्याचा नाका लागतो. गोव्यातील दारू स्वस्त असल्याने तिथे गाड्यांची तपासणी होते, आणि डिकी उघडून टॉवेल, वाळूने भरलेल्या चपला, काजूची पाकिटे, आमसुलांची पिशवी आणि देवीचा प्रसाद शिपायाला दाखवत असताना मागच्या आसनावरील आजी नातवंडांना सांगू लागते की पूर्वी हे सारे कुळ्याला आणि कॅसलरॉकला, दोनदा, होत असे.